धक्क्यावरचे तीन ठोके

मी बेटाच्या धक्क्यावरची घंटा बोलतेय. बोलणं हाच माझा जन्मभराचा धंदा, पण हल्ली मी काय बोलते ते माझं मलाच कळेनासं झालंय.

मोडीत निघालेल्या जहाजाचं पितळ वितळवून मला ओतलं आणि इथे टांगलं. तेव्हा पलीकडे न्यायला एकच होडी होती आणि एकच नावाडी. सगळे त्यांना दादा म्हणत. एक ठोका म्हणजे उतारू, दोन म्हणजे सामान, तीन म्हणजे आजारी माणूस. एक ऐकला तर दादा निवांत जेवण आटोपून यायचे. तीन ऐकले की हातातला घास टाकून पायऱ्या उतरायचे.

मग मोटारबोटी आल्या, पर्यटक आले. माझ्याखाली पाटी लागली, ‘बेटाचा वारसा. वाजवा आणि फोटो काढा.’ कुणी पाच ठोके देई, कुणी अकरा. अकरा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हातारे दादा तरीही धापा टाकत खाली यायचे, आणि लोक हसून त्यांनाही फोटोत उभं करायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांची मुलगी चिडायची. “बाबा, तुम्हाला कुणी बोलवत नाहीये. गप घरात बसा बघू.”

“अगं, एखाद्या वेळी खरंच असलं तर?”

परवा भर दुपारी ती मुलगीच धावत आली. दादांच्या छातीत कळ आली होती, फोन लागत नव्हता आणि मोटारबोटी सगळ्या पलीकडच्या काठाला. तिनं तीन ठोके दिले. थांबली. पुन्हा तीन. पलीकडे एका बोटवाल्यानं मजेत हात हलवला आणि तो परत सावलीत जाऊन बसला. त्याचं तरी काय चुकलं? माझे हे तीन खरे, की कालचे अकरा? मी पुरती गोंधळले आणि तशीच वाजत राहिले.

एवढ्यात वरच्या पायरीवर कुणीतरी दिसलं. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात वल्हं. दादाच होते.

“तीन ऐकले मी,” ते म्हणाले. “कोण आजारी आहे गं?”

मुलगी पायऱ्या चढून त्यांच्याकडे धावली. तिनं त्यांना धक्क्याला बांधलेल्या त्यांच्या जुन्या होडीत आडवं केलं, त्यांच्या हातातलं वल्हं घेतलं आणि होडी पाण्यात लोटली.

होडी पलीकडे लागलेली मी पाहिली. पुढचं मला ठाऊक नाही. आज सकाळपासून मला सात जणांनी वाजवलं, आणि दर वेळी मी वरच्या पायरीकडे पाहिलं.

वाजवा, माझी ना नाही. तेवढे तीन ठोके मात्र राखून ठेवा.