लीलाचा फोटो

सेलूच्या बाजारात फोटो काढणारा आणि जुने फोटो दुरुस्त करणारा बन्सीधर एकटाच. वाळवीने खाल्लेले आजोबा असोत की ओलीने डागाळलेली नवरी, त्याच्या टेबलावरून माणूस पुरा होऊनच उठायचा. या गोष्टीचा त्याला ताठा होता, तोही थोडाथोडका नव्हे. ‘कान गेला तर कान देतो, मिशी गेली तर मिशी,’ असं तो हॉटेलात चहा पिताना ऐकवायचा, आणि लोकही हसून मान डोलवायचे.

शहात्तर सालच्या एका दुपारी वालूरची बायनाबाई आली. फडक्यात गुंडाळलेली तसबीर तिने टेबलावर ठेवली.

“माझी लीला हाय. सात वर्सांची व्हती, तापात गेली. एवढा एकच फोटो, तुमीच काढल्याला. ओल लागली वाटतं, दादा.”

बन्सीधरने पाहिलं. परकर होता, पोलकं होतं, खुर्चीवर टेकलेला हात होता. मानेच्या वर नुसता खरवडलेला कागद आणि लाल डाग.

“काच कुठंय, बाई?”

“काढून टाकली. काचंवर लावल्यालं कुंकू पोरीला कसं लागंल?”

लीला गेल्यापासून अकरा वर्षं, रोज सकाळी. पदराचं टोक ओलं करून कालचं कुंकू पुसायचं आणि आजचं लावायचं, लीला शाळेला निघताना तिला लावायची तसंच. कसली ओल आणि कसलं काय! मायेनेच लेकीचं तोंड पुसून काढलं होतं. हे तिला सांगायचं कुणी?

मूळ निगेटिव्ह शोधायला तो आत गेला खरा, पण तिथे काही नाही हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा निगेटिव्ह काचेवरच असायच्या, आणि काचेची टंचाई आली तेव्हा लीलाच्या फोटोच्या सालच्या सगळ्या काचा त्यानेच सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन कोऱ्या केल्या होत्या आणि दुसऱ्यांच्या तसबिरींना बसवल्या होत्या. स्वतःचीच लाज वाटून तो रिकाम्या हाताने बाहेर आला आणि पेन्सिल घेऊन बसला.

“तुमी सांगा, तसं काढतो. नाक कसं व्हतं?”

“सरळ.”

“आन् डोळे?”

बायनाबाईने डोळे मिटले.

“फोटोत व्हते तसे,” ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. “दादा, मला नुसता फोटोच आठवायलाय. ती न्हाई आठवत. तुमी बघितलं व्हतं की तिला. तुमीच सांगा.”

बन्सीधरने डोकं खाजवून पाहिलं. त्या साली किती पोरं त्या खुर्चीशी उभी राहून गेली! एकीचंही तोंड त्याला आठवेना.

“गोड पोरीचं तोंड काढून देतो,” तो कसाबसा म्हणाला. “लीलाचं न्हाई हे कुणाला वळखू येणार न्हाई.”

“मला येईल की.”

तिने तसबीर पुन्हा फडक्यात गुंडाळली. ती रागावली असती तर बन्सीधरला बरं वाटलं असतं. दारात थांबून, एसटीची वेळ विचारावी तसं तिने विचारलं,

“मग उद्या सकाळी मी कुंकू कुठं लावू?”