विहीणबाईंची आडवी काडी

कृत्रिम हात बनवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शाळेत ते कधीच शिकवायला नव्हते. पण बोलताना हातात खडू असल्यासारखी बोटं हवेत नाचवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाहेरच्या माणसाला कामाच्या खोलीत मज्जाव होता. "इथे बारभाईंचा कारभार नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नव्या हाताने मात्र त्यांना जेरीस आणलं होतं. आतली एकच मोटर चारही बोटं सारखीच ओढायची. एका बोटाला वस्तू लागली की बाकीची तीन हवेतच अडायची. चार मोटरी बसवाव्यात, तर हात दगडासारखा जड. चाचणीला येणाऱ्या, एक हात गमावलेल्या शिंपीणबाई तो लावून कापड धरायला जायच्या आणि कापड सटकन खाली.

अशाच एका दुपारी दारात विहीणबाई उभ्या राहिल्या. मास्तरांच्या लेकीची सासू. बाहुल्यांचे खेळ करायच्या. मुक्काम मास्तरांकडेच होता आणि घराची किल्ली विसरल्या होत्या. आता विहिणीला दारात ताटकळत ठेवलं तर लेकीला काय तोंड दाखवणार? मास्तरांनी त्यांना आत घेतलं.

किल्ली मिळाली, पण बाई हलेनात. त्या हाताकडे टक लावून बघत राहिल्या.

"व्याहीबुवा, एक विचारू? ही बोटं एकमेकांवर रुसलीत का? एक थांबलं की सगळीच थांबतात."

शिंपीणबाई खो खो हसल्या. मास्तरांच्या कपाळावर आठी चढली.

"तुमच्या बाहुल्यांची नाही थांबत वाटतं?"

"नाही थांबत. माझा जादूगार टोपीही धरतो आणि पिशवीही. दोरी एकच."

मास्तर टोमणा मारायला गेले होते. पण 'दोरी एकच' ऐकलं आणि त्यांना राहवेना. तसेच उठून ते विहीणबाईंबरोबर, त्यांचा खेळ होता त्या नाट्यगृहाच्या पडद्यामागे गेले. जादूगाराच्या पोकळ मनगटात एक आडवी काडी होती. दोरी काडीच्या मधोमध, आणि दोन्ही टोकांना आणखी एकेक छोटी काडी. त्यांच्या टोकांना बोटं. एक बोट अडलं की काडी कलायची आणि दुसरं बोट पुढे जायचं.

"पुन्हा ओढा," मास्तर जमिनीवर फतकल मारून म्हणाले. "पुन्हा. आता हे बोट मी दाबून धरतो."

"अहो, सोडा त्याचा हात! संध्याकाळी खेळ आहे माझा."

दुसऱ्या दिवसापासून विहीणबाईंची खुर्ची कामाच्या खोलीत आली. बांबूची काडी मोटरच्या पहिल्याच ओढीला मोडली. लोखंडाची तळव्यात अडकली. "मला मोटरमधलं ओ की ठो कळत नाही," बाई म्हणायच्या, आणि लगेच, "पण दोरी तिरकी का नेलीत?" मास्तर वैतागायचे, तावातावाने भांडायचे, आणि थोड्या वेळाने दोरी सरळ करायचे. बाईंच्या गाठी मोटरच्या जोराने सुटायच्या, तेव्हा मास्तरांनी छोट्या कड्या बनवल्या. अशी दोघांची जुगलबंदी रंगली.

शेवटी शिंपीणबाईंनी कापडाची घडी धरली. पहिलं बोट टेकलं, थांबलं. बाकीची हळूहळू पुढे सरकत घडीभोवती वळली. कात्री चालली. कापड जागचं हललं नाही.

"धरलं खरं," शिंपीणबाई म्हणाल्या, "पण आता सोडवा की कुणीतरी!"

हात उघडेचना. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. बोटं उघडायला स्प्रिंगा बसवल्या आणि तेही जमलं.

त्यानंतर मास्तरांनी दर शनिवारी खोली सगळ्यांना खुली केली. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची, हाताला छत्रीसारखा खटका बसवायची कल्पना साफ फसली. हात एवढ्या झटक्यात उघडला की पेला भिंतीवर. एक गिर्यारोहक आला, दोरांवर तासभर बोलला, उपयोग शून्य. मास्तरांनी दोघांनाही पुन्हा बोलावलं.

मग एक बासरी शिकवणाऱ्या बाई आल्या. हात उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "अंगठा इथेच का बसवलाय?"

मास्तरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, बोटं हवेत गेली, आणि तिथेच थांबली. खरंच, का?

"बसा," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "तुम्ही कुठे बसवला असता?"