बर्निसची हॉटडिश

शेजारची बर्निस हॉटडिश घेऊन दारात आली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या घरात कुणी मेलेलं नव्हतं.

हॉटडिश म्हणजे खिमा, फरसबी, डब्यातलं मशरूमचं सूप, वरून बटाट्याचे तुकडे, आणि तासभर ओव्हनमध्ये. घरी आठवड्यातून दोनदा होते आणि पोरं नाकं मुरडतात. पण तीच टॉवेलात गुंडाळून दुसऱ्याच्या दारात नेली की अर्थ एकच असतो, त्या घरातलं कुणीतरी गेलं. बोलायचं काही नसतं. भांडं ओट्यावर ठेवायचं, कॉफी चढवायची आणि बसायचं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव असतं, म्हणजे पुढे कुणाचं कुणाला परत करायचं ते कळतं. मिनेसोटात वाढलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही.

मी भांड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"लव्हर्न," ती म्हणाली, मग हळूच, "अजून कुणी आलं नाही का गं?"

"कोण यायचंय?"

"अगं बाई. मेलं माझं सगळंच घाईचं." तिने भांडं कुठे ठेवावं म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी ओट्यावर ठेवलं. "जेवणासाठी भाजत होते. ऐकलं आणि तशीच उचलून निघाले."

"काय ऐकलंस?"

पेट्रोल पंपावर लष्कराची हिरवी गाडी आली होती. आत दोघे, गणवेशातले. पंपवाल्या ओरिनला त्यांनी मिसेस एच. टॉलेफसनचं घर विचारलं. त्याने आमच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. मग ओरिनच्या बायकोने फोन उचलला. आमच्याकडे आठ घरांत मिळून एक फोनची तार, त्यामुळे एकीला सांगितलं की आठ जणी ऐकतात. मीच तेवढी बाहेर कपडे वाळत घालत होते.

माझा नवरा हॅरल्ड. त्याचा थोरला भाऊ हार्लन. दोघेही एच. टॉलेफसन. दोघेही याच रस्त्यावर, आमचं घर आधी, त्यांचं मैलभर पुढे, जिथे रस्ता संपतो तिथे. आणि दोघांचाही एकेक मुलगा व्हिएतनाममध्ये लढाईवर. तिथे मुलगा गेला की अशी गाडी घरी येते.

आमचा ड्वेन, त्यांचा लाइल. सदुसष्टच्या उन्हाळ्यात दोघं मिळून भरती झाले. कल्पना ड्वेनची. बोलावणं येईपर्यंत थांबलो तर कुठेही ढकलतील, आपण होऊन गेलो तर दोघांना एकत्र ठेवतील, असं त्याला भरतीच्या कचेरीत कुणीतरी सांगितलं होतं. एकत्र ठेवले आठ आठवडे. दोघं भरती झाले तेव्हापासून माझी जाऊ आर्डिस माझ्याशी बोलत नव्हती. चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसायचो, मध्ये दोन नवरे.

अकराच्या आत पलीकडच्या घरातली ऑर्फा आली, मग पास्टरची बायको. दोघींच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली भांडी. पास्टरच्या बायकोनेच सांगितलं की ती गाडी चर्चपाशी थांबलीय, त्यांना पास्टरना बरोबर न्यायचंय आणि पास्टर तर इस्पितळात कुणाला तरी भेटायला गेलेत.

"दोघांतला कुठला मुलगा ते बोलले का?" मी विचारलं.

"मुलाचं नाव सांगता येत नाही म्हणे. नियम आहे."

"मग बसा," मी म्हणाले आणि कॉफी चढवली. दुसरं काय करणार?

हॅरल्ड बियाणं आणायला शहरात गेला होता. टीव्ही चालू होता, तो कुणी बंद केला नाही. बंद करणारी पहिली कोण, म्हणून चौघी तशाच बसलो. कुठलासा बक्षिसांचा कार्यक्रम होता. कॅलिफोर्नियाची एक बाई फ्रिज जिंकली आणि जागेवर उड्या मारायला लागली. मग साबणाच्या पावडरची जाहिरात. मग पुन्हा ती बाई. मला काही वाटत नव्हतं. खरंच काही नाही. मला एवढंच दिसत होतं की फ्रिज फिक्कट हिरवा आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात तो मुळीच शोभणार नाही.

"हात गार पडलेत गं तुझे," ऑर्फा म्हणाली. तिने माझा हात कधी धरला होता ते मला कळलंच नव्हतं.

बर्निस दर पाच मिनिटांनी म्हणायची, "कदाचित नसेलही." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा पास्टरच्या बायकोने तिला कॉफी ओतून दिली, मग ती थांबली.

मी प्रार्थना करत होते. कशाची ते लपवत नाही. युद्ध थांबू दे, पोरं सुखरूप राहू देत, असलं काही नव्हतं त्यात. गाडी पुढे जाऊ दे, एवढंच. पुढे कोण राहतं ते मला माहीत होतं. लाइल झबल्यात होता तेव्हा मी त्याला पाजलंय, आर्डिस तापाने पडली होती तेव्हा.

पावणेबाराला गाडी आली. बर्फ वितळून चिखल झालेला, त्यामुळे हळूहळू आली. आम्ही चौघी खिडकीपाशी गेलो. मागच्या सीटवर पास्टर होते, मांडीवर हॅट. आमच्या फाटकापाशी गाडीचा वेग कमी झाला. टपालपेटीवरचं नाव त्यांनी वाचलं असणार. मग ती पुढे गेली.

"देवा, तुझे उपकार," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

थोड्या वेळाने पास्टरच्या बायकोने ओट्यावरचं आपलं भांडं उचललं. मग ऑर्फाने. टॉवेल नीट गुंडाळले, कोट चढवले. बर्निस आपल्या भांड्याला हात लावून तशीच उभी राहिली.

"तूही चल," ती मला म्हणाली.

"मी काहीच केलेलं नाही. रिकाम्या हाताने कशी येऊ?"

बर्निसने भांडं उलटं न करता बुडाखाली बोट घातलं, आपल्या नावाची पट्टी ओढून काढली आणि कोटाच्या खिशात टाकली. "ही घे. तुझी."

बर्निसच्या गाडीतून निघालो, पण ती चिखलात दोनदा रुतली. पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. आर्डिसच्या स्वयंपाकघरात दोन अधिकारी बसले होते. तिने त्यांना कॉफी दिली होती आणि बशीत केकचे तुकडेही. त्यातला तरुण होता त्याने तुकडा हातात धरला होता, खावा की ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. हार्लन खिडकीबाहेर बघत होता. पास्टर त्याच्या शेजारी.

आर्डिस उठली. तिने ऑर्फाचं भांडं घेतलं, मग पास्टरच्या बायकोचं, एकेक करून ओट्यावर ठेवलं. डोळे कोरडे होते. मग ती माझ्यापुढे आली. नऊ महिन्यांनी. तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि ते धरून तशीच उभी राहिली.

"गार आहे," ती म्हणाली.

गार हॉटडिश आमच्याकडे कुणी नेत नाही. आणि गाडी तिच्या दारात येऊन ताससुद्धा झाला नव्हता. भाजायलाच तास लागतो, म्हणजे ही त्याआधीच भाजलेली. आर्डिसने ओट्यावरच्या दोन्ही भांड्यांनाही हात लावून बघितला.

"आधी तुझ्याकडे आणली होती," ती म्हणाली.

"हो."

"तुला वाटलं ड्वेन."

"हो."

"किती वेळ?"

"तासभर. थोडा जास्त."

तिने मान हलवली. मला वाटलं आता ती ड्वेनचं नाव काढेल, भरतीचं काढेल, जे काही नऊ महिने साठवलंय ते सगळं तोंडावर मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग तुला कळतं," ती म्हणाली. "तुझा तास तेवढा संपला."

तिने ओव्हन पेटवला, तिन्ही भांडी आत ठेवली आणि त्या तरुण अधिकाऱ्याला म्हणाली, "जेवूनच जा तुम्ही. गरम व्हायला थोडा वेळ लागेल."