घरच्या दुधाची पातेली

मित्रांनो, मी नगरच्या एका दवाखान्यातली जुनी उबवणपेटी आहे. हल्ली माझ्यात फाटके हातमोजे कोंबून ठेवतात. त्याचा मला राग नाही. राग वेगळाच आहे, आणि तो आज सांगितल्याशिवाय मी राहणार नाही.

नागापूरच्या एका वर्कशॉपात माझा पत्रा ठोकला गेला. माझं काम एकच, आत सदतीस अंश ऊब राखायची, माणसाच्या अंगात असते तेवढी. एकाहत्तर साली दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या दीनाबाई माझ्यात काचेच्या नळ्या ठेवू लागल्या. नळीत गुलाबी रस, रसात क्षयातून उठलेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सोबत क्षयाचे मेलेले जंतू. मोठी पेशी जंतू गिळून मधे बसायची. लहान पेशी तिला येऊन चिकटायच्या, आणि ज्यांना जंतूची ओळख पटे त्या फुगून दोनाच्या चार व्हायच्या. अंगाबाहेर, काचेत! याला सहा दिवस लागत. दीनाबाई सूक्ष्मदर्शकातून बघायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. मलाही तेव्हा फार बरं वाटे.

मग थंडी पडली आणि नळ्या नासू लागल्या. तिसऱ्या दिवशी रस पिवळा, गढूळ, पेशी मेलेल्या. एकदा नाही, चारदा. क्षयातून बरे झालेले, कोपरगावच्या साखर कारखान्यातले कारभारी दर वेळी एस्टीने येऊन रक्त देत. चौथ्यांदा ते म्हणाले, "ताई, अजून किती रगत घेता? आता एकदाच यीन, मग न्हाई."

दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी तर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दीनाबाई, तुमच्या हातालाच स्वच्छता नाही. आणखी एकदा नासलं तर मी दुसरं माणूस बघतो." 'तुमच्या' म्हणजे कुणाच्या, हे नगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दीनाबाईंचे आजोबा ख्रिस्ती झाले, त्याआधी त्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. त्या दिवसापासून बाई हात इतके धुऊ लागल्या की बोटं फुटून रक्त येई.

आणि मला सगळं ठाऊक होतं! रोज संध्याकाळी बाई घरी गेल्या की साहेब स्वतः विरजण लावलेल्या दुधाची पातेली माझ्यात ठेवायचे. थंडीत घरी दही लागत नव्हतं ना! सकाळी बाई यायच्या आत घेऊन जायचे. वर साधं झाकणसुद्धा नाही. दूध हिंदकळून माझ्या फळीखाली सांडायचं, बाईंची नजर पोचायची नाही तिथेच आंबायचं, आणि त्यातले जंतू नळ्यांत शिरायचे. अंगाची नुसती लाही व्हायची माझी, पण पत्र्याला तोंड कुठलं?

एका सकाळी बाई लवकर आल्या. माझं दार उघडलं, पातेली बघितली आणि साहेब येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"घरचं दूध आहे ते," साहेब म्हणाले. "त्यानं काय होतंय?"

"साहेब, नळीला घर कळत नाही. ही काढा. कारभारींचं शेवटचं रक्त मला नळ्यांत लावायचंय."

बाईंनी मला उकळत्या पाण्याने पुसून काढलं. सहाव्या दिवशी रस नितळ होता आणि पेशी भरभरून फुगल्या होत्या. बाईंची नोकरी राहिली. साहेब सूक्ष्मदर्शकात बघून "छान" म्हणाले आणि चहाला गेले.

त्यांनी पातेली उचलून नेली, पण 'तुमच्या हातालाच' हा शब्द कधीच मागे घेतला नाही. बाईंची बोटं निवृत्त होईपर्यंत फुटलेलीच राहिली. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला पुसा, जपा, ते कराच. पण कुणाच्या हाताला बोल लावण्याआधी आपल्या घरची पातेली कुठे ठेवलीय, ते बघून या.