मोखाड्याच्या पाड्यावरची हवाई छत्री

मी एक जुनी हवाई छत्री आहे, मित्रांनो. शहरात मला पॅराशूट म्हणतात. मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावर नुसतं ‘झोळी’.

सुदर्शनसाहेब आवाजापेक्षा वेगाने जाणारी नवी विमानं पहिल्यांदा उडवून बघत. मी त्यांच्या पाठीमागे पेटीत घडी होऊन पडलेली असे. माझ्यावर उघडायची वेळच येऊ नये, यातच माझा मान होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ती वेळ आली. विमान पेटलं, साहेब बाहेर फेकले गेले आणि मी धाडकन उघडले. मी इतकी घाबरले होते, की खालचे डोंगरही मला धड दिसले नाहीत.

पाड्याजवळच्या डोंगरात आम्ही आदळलो आणि साहेबांचा पाय मोडला. पाड्यावरच्या, तेव्हा तरण्या असलेल्या बुधाने मला बांबूला बांधलं, साहेबांना माझ्यात निजवलं आणि चौघांनी तीन तास चालून सडक गाठली. जाताना साहेबांनी मला बुधालाच देऊन टाकलं.

गेल्या महिन्यात साहेब काठी टेकत पुन्हा आले. गाडी सडकेवर ठेवून, वाटेत दहादा बसत. त्यांना मला संग्रहालयात, काचेच्या कपाटात ठेवायचं होतं. मी तर हरखूनच गेले. पण बुधाने मला बाहेर काढलं ते वेगळ्याच कामासाठी. त्याची नातसून योगिता सकाळपासून अडली होती.

सडक नाही, हे साहेबांना चालून कळलंच होतं. पण माणसं अजून माझ्यातच घालून नेतात, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“अजून हीच?” त्यांनी विचारलं.

“दुसरा काय हाय, सायेब? तुमाला नेलं तीच वाट,” बुधा म्हणाला.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सडकेवरच्या ड्रायव्हरला चिठ्ठी लिहिली, की गाडी योगिताला दवाखान्यात न्यायला आहे.

सडकेकडे नेताना वाटेत ओहळापाशी योगिता माझ्यातच बाळंत झाली. मुलगी रडेना. दाई धोंडीबाई तिची पाठ चोळत राहिली. मित्रांनो, आभाळातून पडताना वाटली नव्हती एवढी भीती मला जमिनीपासून हातभर उंचीवर वाटली. शेवटी मुलगी रडली, पण योगिताचं रक्त थांबेना. साहेबांची गाडी सडकेवर होती म्हणून ती जव्हारच्या दवाखान्यात पोचली आणि वाचली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला मागितलंच नाही. मान खाली घालून निघून गेले.

जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारखीने शेवटी सांगायचं असतं. मी नाही सांगणार. मला उंदरांनी खुशाल कुरतडावं. पण माझं कापड विरत चाललंय आणि शेजारच्या पोशीला सातवा महिना लागलाय. तेवढी सडक करा.