वळणावरचं शिंगरू

डेल्फा माझी बायको. चीज करते आणि बोलते. दोन्ही खारट, असं मी गावात सांगायचो आणि लोक हसायचे. आता सांगत नाही.

बोस्नियातल्या त्सिन्त्सार डोंगराच्या पठारावरून लिव्हनो शहराकडे उतरणारा रस्ता आमच्या घराखाली वळतो. वर पठारावर मोकाट घोडे. ट्रॅक्टर आले तसे आमच्या आजोबांनी आपापले घोडे डोंगरावर हाकलून दिले, त्यांचीच ही नातवंडं-पतवंडं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते चाटायला घोडे खाली येतात आणि धुक्यात गाडीखाली सापडतात. म्हणून डेल्फानं मंडळी जमवली. पिवळी चमकती जाकिटं घालायची, गाड्यांना हात करायचा, घोडे वर हाकायचे आणि मिठाचे खडे पठारावर नेऊन ठेवायचे, म्हणजे त्यांना रस्त्याची गरजच पडू नये. आजोबांनी केलं ते थोडंफार निस्तरावं, एवढाच हेतू. डेल्फाचा आवाज मोठा म्हणून ती म्होरकी. मी तिचा नवरा म्हणून मीही त्यात.

या उन्हाळ्यात मात्र घोडे नेमके आमच्या वळणावर येऊन उभे राहायला लागले. उन्हाळ्यात रस्त्यावर मीठ कुठलं? हाकलले तरी तासाभरात परत हजर. डेल्फाचं डोकं फिरलं. कुणीतरी त्यांना इथे काहीतरी घालतंय, असं तिनं ठरवलं, आणि एकदा तिनं ठरवलं की ठरलं.

व्हिंको आमच्यातलाच. बाप लवकर गेला, घरात आई मांडा आणि एक म्हातारी जीप. पर्यटकांना घोडे दाखवायला पठारावर न्यायचा. जीपमध्ये शिळ्या पावाचं पोतं असायचं, कारण पाव दाखवल्याशिवाय घोडे फोटोला उभे राहत नाहीत. डेल्फानं त्याला दोनदा बजावलं होतं. तो हसून म्हणायचा, "मावशी, मी वरच देतो हो, खाली नाही."

ऑगस्टमध्ये एका सकाळी धुकं होतं. लाकडं भरलेला ट्रक वळणावर आला आणि करड्या घोडीला धडकला. आम्ही पोचलो तोवर ती गेली होती. तिचं शिंगरू, दूध सुटत आलेलं, रस्त्याकडेच्या चराच्या पलीकडे उभं होतं. ट्रकवाला रस्त्याच्या कडेला बसून रडत होता. मंडळी जमली आणि तेवढ्यात व्हिंकोची जीप आली.

डेल्फा सरळ त्याच्या अंगावर गेली. "काढ ते जाकीट."

"मावशी, काय झालं?"

"पाव टाकून टाकून तू हिला रस्त्यावर आणलीस. काढ म्हणते ना."

"या वळणावर मी कधी थांबतसुद्धा नाही. देवाशपथ."

"मग घोडी काय माझ्याकडे चीज घ्यायला आली होती?"

लोक हसले. मेलेली घोडी समोर, तरी हसले, कारण डेल्फानं टोला हाणला की हसायची आमच्या गावाला सवयच आहे. मीही हसलो. नवरा आहे, जरा जास्तच मोठ्यानं हसलो. व्हिंकोनं जाकीट काढलं, घडी केली, माझ्या हातात दिलं आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या जीपवर कुणीतरी खिळ्यानं 'घोडेमारू' असं कोरलं. त्याचं गिऱ्हाईक तुटलं. मांडा आयुष्यभर रविवारी दहाच्या मिस्साला, मोठ्या प्रार्थनेला यायची, ती सकाळी सातच्या मिस्साला जायला लागली. त्या वेळी चर्चमध्ये दोन-चार म्हाताऱ्या असतात आणि त्यांना दिसत नाही.

इकडे शिंगरू वळण सोडेना. कळप वर गेला तरी ते आपलं आई पडली तिथेच, चरात मान घालून उभं. गावात बातमी पसरली. बायका मुलांना घेऊन बघायला यायच्या. कुणी चराच्या काठावर फुलं ठेवली. पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात सांगितलं की आईची वाट कशी पाहावी हे या मुक्या जिवाकडून शिका. डेल्फा हुंदके देऊन रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी दुपारी डेल्फा म्हणाली, "आता बास. त्याला वर घालवून येऊ. नाहीतर तेही मरेल." ती चीजच्या खोलीतून तशीच निघाली होती. चीजच्या चकत्या मिठवण्यात, म्हणजे मिठाच्या पाण्यात, उलटून ठेवत होती, हात एप्रनला पुसले आणि आली. वळणावर नेहमीप्रमाणे बघे होतेच.

तिनं हात पुढे केला. कुणालाही जवळ येऊ न देणारं ते शिंगरू सरळ तिच्याकडे आलं आणि तिचा तळवा चाटायला लागलं. तळवा झाला, बोटं झाली, मनगट झालं. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. एक म्हणाली, "बघा, माया कळते जनावराला."

डेल्फाचा चेहरा मात्र पडला. तिनं हात काढून घेतला तर शिंगरू पुन्हा चरात उतरलं आणि मातीच चाटायला लागलं. तिथलं गवत जळून पांढरं पडलं होतं आणि जमीन चाटून चाटून टोपलीएवढी खोल झाली होती. इतके दिवस आम्ही सगळे शिंगराकडे बघत होतो, चराकडे कुणी बघितलंच नव्हतं. डेल्फा वाकली, बोट मातीला लावलं आणि जिभेवर ठेवलं.

तिथून ती तडक घरी आली. दार लावून म्हणाली, "जुनं मिठवणी तू कुठे ओततोस?"

तिचा उजवा खांदा बऱ्याच दिवसांपासून निकामी आहे, पिंपं मीच उचलतो. पूर्वी घरामागे ओतायचो. वसंतात तिचे बटाटे जळले तेव्हा ती म्हणाली होती, इथे नको, कुठेही ओत. म्हणून मी हातगाडीवर घालून खाली नेत होतो आणि चरात ओतत होतो. मीठ म्हटलं की आम्हाला रस्तेवाल्यांचंच मीठ आठवायचं. घोड्यांसाठी मिठाचे खडे पाठीवर वाहून पठारावर नेणारा माणूस मी. माझ्या डोक्यात ते आलं नाही. की आलं होतं आणि मी दाबून ठेवलं, हेही आता सांगता येत नाही.

"उद्याच माती काढतो," मी म्हणालो. "नवी माती भरतो. पाऊस पडला की संपलं. कुणाला कळायचं कारण नाही."

ती म्हणाली, "मांडा सातच्या मिस्साला जाते. तिचे गुडघे सकाळी धरलेले असतात."

मला वाटलं, विषय टळला.

शनिवारी मी चरातली माती उकरली, हातगाडीत भरली आणि डोंगराकडे निघालो. शिंगरू माझ्या मागे मागे आलं, गाडीतली माती चाटत, पार पठारापर्यंत. तिथे कळप दिसला तसं ते पळालं. एकदाही मागे वळून वळणाकडे बघितलं नाही. फुलं खाली सुकत पडली होती. आईची वाट म्हणे. आम्ही सगळे त्याच्यासाठी रडलो होतो आणि ते बिचारं माझं सांडपाणी चाटत होतं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

रविवारी दहाच्या मिस्सानंतर माणसं चर्चच्या आवारात उभी होती. पुरुषांनी सिगरेटी पेटवल्या होत्या. डेल्फा आत नव्हती, मला वाटलं डोकं दुखत असेल. तेवढ्यात ती फाटकातून आली. चर्चच्या कपड्यांवर पिवळं जाकीट. एका हातानं मांडाला धरलेलं, मागे व्हिंको. तो येत नव्हता, त्याला ओढून आणल्यासारखं दिसत होतं.

"घोडी चीज घ्यायलाच आली होती," डेल्फा म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"आमच्या चीजचं मिठवणी सबंध उन्हाळा वळणावरच्या चरात पडत होतं. मी ओतत होते. शिंगरूही त्याच्यासाठीच थांबलं होतं. याचा पाव नव्हता, माझं मीठ होतं. घोडी मी मारली आणि नाव याचं घेतलं. तुमच्यासमोर घेतलं, म्हणून तुमच्यासमोर सांगतेय."

तिनं जाकीट काढलं. काढताना खांदा अडकला, पण कुणी पुढे झालं नाही. मीही नाही. ती 'मी' म्हणाली, 'आम्ही' नाही, आणि ऐकल्यावर मला आधी काय वाटलं असेल? हायसं वाटलं.

तिनं जाकीट व्हिंकोपुढे धरलं. त्यानं घेतलं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्हाला तर बादलीसुद्धा उचलवत नाही."

सगळ्या गावानं मला हातगाडी ढकलताना पाहिलेलं होतं. एकेक मान माझ्याकडे वळली.

"मी ओततो," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण पकडल्यावर. डेल्फानं माझ्याकडे बघितलं नाही. ती जाकीट हातात धरून खालीच बघत होती.

मांडानं बघितलं. ती चार पावलं चालत माझ्यासमोर आली, गुडघ्यांमुळे हळूहळू. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त विचारायचं होतं.

"माझ्या पोरानं जाकीट काढलं तेव्हा तू हसलास म्हणे, याकोव्ह."

"हो," मी म्हणालो. "हसलो."