वारा, पायजमा आणि बोली

माणूस आणि यंत्र यांच्यातला अखेरचा सामना एक ना एक दिवस होणारच, असं थोर थोर माणसं सांगून गेली आहेत. तो झाला. आमच्या समोरच्या किल्ल्यांच्या दुकानात झाला, दोन आठवडे चालला, आणि मध्ये एकदा मांजर संगणकाच्या वायरीवर झोपल्यामुळे थांबवावा लागला. पंच मी होतो.

मला पंच का नेमलं, ते सांगतो. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी कुणाची बाजू घेण्याचा प्रश्न नव्हता. शिवाय या प्रकरणात माझा पायजमा आधीपासूनच गुंतलेला होता.

दुकान नवरा-बायकोचं. नवऱ्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते. त्यांनी कुणाला कधी काही शिकवलेलं नाही, पण कितीही आडमुठं कुलूप त्यांच्यापुढे निमूट होतं, म्हणून मास्तर. बायकोला मी वहिनी म्हणतो. मास्तर दिवसभर लोकांच्या बंद दारांपुढे गुडघे टेकून असतात आणि वहिनी दुकानात, खिडकीशी, संगणकापुढे. वहिनींचं काम बोली लावण्याचं.

बोलीचं असं आहे. घराबाहेर अडकलेला माणूस फोनवर ‘कुलूप उघडून देणारा’ असं शोधतो. त्या क्षणी गावातले सगळे किल्लीवाले एका न दिसणाऱ्या लिलावात उभे असतात. ज्याची बोली मोठी, त्याची जाहिरात वर. त्या जाहिरातीवर कुणी बोट दाबलं की दुकानाच्या खात्यातून पैसे गेले, मग तो माणूस काम देवो, नाहीतर नुसता बघून जावो. बोली कमी ठेवली तर जाहिरात तळाला जाते, जास्त ठेवली तर दुकान.

वहिनी बोली लावायच्या ती वाऱ्यावर. वारा सुटला की दारं धाडकन लागतात आणि माणसं हातात कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर राहतात, हा त्यांचा अनुभव. त्यांच्या खिडकीसमोर माझी गॅलरी, गॅलरीत दोरी, दोरीवर माझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. पायजमा नुसता लोंबत असला की बोली खाली. गुडघ्यातून हलायला लागला की जरा वर. आडवा होऊन पळायला लागला की वहिनी खुर्ची पुढे ओढायच्या. पण एका पायजम्यावर सगळ्या गावाचा वारा कसा ठरवणार? म्हणून मग मास्तरांना फोन. मी तिथे पेपर वाचत बसलेला असायचो, त्यामुळे हे संवाद मला पाठ आहेत.

“अहो, तिकडे वारा आहे का?”

“आहे.” मास्तरांच्या तोंडात तार.

“किती?”

“टोपी उडाली.”

“कुणाची?”

“ज्याचं दार आहे त्याची. तो टोपीमागे गेलाय आणि मी दारापाशी आहे.”

“आपण वर दिसतोय का बघा बरं. नुसतं बघा हं, दाबू नका. दाबलं की पैसे जातात.”

“कामात आहे गं. ठेव.”

ठेव म्हणायचे आणि पुढे बराच वेळ बोलत राहायचे.

एकदा असाच फोन वाजला, मास्तरांच्या हातातलं हत्यार सटकलं आणि एका वकिलाच्या कोऱ्या दारावर लांबलचक ओरखडा उठला. मास्तर दुकानात आले ते तोंड पाडून. म्हणाले, “तुझ्या त्या वाऱ्यापायी एक दिवस माझा धंदा बसेल.”

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. वहिनी बोलत असल्या की काळजीचं कारण नसतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात सॉफ्टवेअरवाला आला. मुलगा गुणी होता. शेजारच्या खोलीत तान्हं बाळ झोपलंय अशा बेताने बोलायचा. म्हणाला, आमचं सॉफ्टवेअर बोली आपोआप लावतं, क्षणाक्षणाला बदलतं, दमत नाही, कंटाळत नाही. “आणि मॅडम, कुणाला फोन करून विचारत नाही.”

“हेच पाहिजे,” वहिनी म्हणाल्या. बघत होत्या मास्तरांकडे.

ठरलं असं. दोन आठवडे सगळी बोली सॉफ्टवेअर लावणार. पास झालं तर ते दुकानात राहणार आणि वहिनी बहिणीच्या फुलांच्या दुकानात बसायला जाणार. बहीण कधीची बोलावत होती. हे सगळं चाललं असताना मास्तर एक किल्ली घासत होते. घासता घासता तिची सुई झाली.

पंच या नात्याने मी त्या दिवसापासून पायजमा न्हाणीघरात वाळत घातला. वहिनींना आतून मदत होतेय असा ठपका नको.

पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअरने पहिला नंबर काढला. कामं वाढली. वहिनी मांडीवर हात ठेवून बसायच्या, मग उठून भिंतीवरच्या किल्ल्या पुसायच्या, मग पुसलेल्या पुन्हा पुसायच्या. एका संध्याकाळी मास्तरांनी मला जिन्यात गाठलं.

“दादा, ते नापास व्हायची काही शक्यता?”

“अभ्यास चांगला आहे त्याचा,” मी म्हणालो.

मास्तर थोडा वेळ कठडा चाचपत राहिले. “आज पुलाकडे वारा बराच होता,” ते म्हणाले.

“असेल.”

“कुणीतरी विचारेल म्हणून लक्षात ठेवला होता.”

दुसऱ्या आठवड्यात ते पुलाकडचा वारा मांजराला सांगायला लागले.

शेवटच्या दिवशी सॉफ्टवेअरवाला निकाल घेऊन आला तेव्हा मास्तर कामावर होते. मुलाचा चेहरा जरा उतरलेला. या आठवड्यात खर्च वाढला होता आणि कामं मात्र तेवढीच. “पण कारण सापडलंय, मॅडम,” तो म्हणाला. “सॉफ्टवेअरला एक फार मोलाचा ग्राहक मिळालाय. दिवसातून कितीदा तरी तुम्हाला शोधतो. जाहिरात दाबतो, दुकानाचं पान उघडतो आणि बघत बसतो. एवढा जीव लावलेला ग्राहक सोडायचा कसा, म्हणून सॉफ्टवेअर त्याच्यासाठी सगळ्यात मोठी बोली लावायला लागलं.”

“काम काय दिलं त्याने?”

“अजून काही नाही. पण देईल असं सॉफ्टवेअरला वाटतं.”

मी चष्मा पुसून ते पान पाहिलं. पानावर विशेष काही नाही. किल्ल्यांची भिंत, आणि भिंतीपुढे हसणाऱ्या वहिनी. फोटोवाल्याच्या पायात मांजर आलं होतं, त्याचं हसू.

“राहतो कुठे हा?” वहिनींनी विचारलं.

मुलाने पडद्यावर गावाचा नकाशा आणला. त्यावर ठिपके. “तेच कळत नाही. सारखा फिरतीवर असतो.”

वहिनी नकाशावर वाकल्या आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेल्या. “हा दंतवैद्याचा दवाखाना. तिजोरी अडकली होती. ही पुलाजवळची शाळा, कपाटाची किल्ली मोडलेली. हे वकिलाचं घर.” तिथे बोट थांबलं. “ओरखडा बुजवायला गेले होते.”

“मॅडम ओळखतात या ग्राहकाला?”

“पाहण्यातला आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ माझ्या रिकाम्या दोरीकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात तो ग्राहक हत्यारांची पेटी घेऊन आत आला.

“अहो, जाहिरात तुम्ही दाबत होता?”

मास्तरांनी पेटी अगदी सावकाश खाली ठेवली. “बोट लागलं असेल.”

“रोज?”

“माझी बोटं जाड आहेत.”

“त्या बोटांनी तुम्ही नखाएवढी कुलपं उघडता.”

मास्तरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मांजराकडे. दोघांनीही मदत केली नाही. “तुझा फोन येईना,” ते म्हणाले. “म्हटलं, दुकान उघडं आहे ना, बघावं.”

“तुम्हीच म्हणायचात, कामात आहे, ठेव.”

“म्हणायचो. ठेवत कुठे होतो?”

सॉफ्टवेअरवाल्याला वाटलं आपण काहीतरी सुचवायला हवं. “सर, सोपं आहे. हा एक ग्राहक वगळला की आमचं सॉफ्टवेअर उत्तम चालतंय. मी आत्ता वगळतो. तुमच्या फोनवर ही जाहिरात परत कधीच दिसणार नाही.”

“कधीच?” मास्तरांनी विचारलं.

“वगळा,” वहिनी म्हणाल्या. “फोटो बघायला एवढे पैसे कशाला? मी इथे फुकट दिसते.”

मास्तर स्टुलावर बसले. त्यांना बातमी चांगली आहे की वाईट, याचा अंदाज येत नव्हता.

“बोली तुमचं सॉफ्टवेअरच लावू दे,” वहिनी मुलाला म्हणाल्या. “माझ्यापेक्षा बरी लावतं, खोटं कशाला बोला. वारा मात्र मी विचारणार.”

“वाऱ्याची माहिती सॉफ्टवेअरला हवामान खात्याकडून थेट घेता येते, मॅडम.”

“हवामान खात्याचं काही खरं नसतं,” मास्तर घाईघाईने म्हणाले.

“पण मॅडम, बोली आपोआप लागणार असेल तर तुम्ही विचारलेल्या वाऱ्याचा उपयोग काय?”

“काहीच नाही,” वहिनी म्हणाल्या.

मुलगा मनाने चांगला. त्याने पुढे विचारलं नाही.

“आणि बहीण?” मी पंच असल्यामुळे मला विचारणं भाग होतं.

“तिला सांगते, इथली खिडकी सोडवत नाही.”

आता निकाल देण्याची वेळ आली. मी उभा राहिलो, घसा साफ केला. दोन आठवडे मनाशी घोळवलेलं भाषण होतं. त्यात यंत्राची बुद्धी होती, माणसाचं काळीज होतं, उद्याचं जग होतं, आणि शेवटी सगळ्यांनी गप्प होऊन खाली बघावं असं एक वाक्य होतं. मी म्हणालो, “मानवी संस्कृतीच्या या वळणावर—”

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “उद्यापासून तेवढा पायजमा बाहेर वाळत घालाल का?”